सुईशिवाय बरं वाटत नाही, जी!

एकोडीत औषधाची पत त्यात काय आहे यावरून ठरत नाही. ते अंगात कोणत्या वाटेनं शिरलं यावरून ठरते. मानाचा क्रम पक्का आहे. सगळ्यात वर ‘बॉटल’, म्हणजे सलाईन. तिच्या खाली सुई. त्यातही कंबरेतली सुई वरची, दंडातली खालची. मग दोन रंगांची कॅप्सूल. मग गोळी, आणि गोळ्यांतही मोठी ती जास्त कामाची. त्याखाली पातळ औषध, जे लेकरांचं. तळाला मलम. आणि या सगळ्या उतरंडीच्या बाहेर, दाराशी उभी, ओआरएसची पुडी. तिला औषध म्हणायला कोणी तयार नाही.

वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र हा विषय एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असतो आणि पास झालं की सुटतो. साकोली तालुक्यातल्या आमच्या या गावात तो पानठेल्यावर वयाची आणि शिक्षणाची अट न ठेवता आयुष्यभर चालतो. इथे नापास कोणीच होत नाही, फक्त डॉक्टर होतात. त्यांची परीक्षा साधारण अशी असते:

“डाक्टर सायब, सुई नाई का?”

“साधा ताप आहे, काकाजी. गोळीनं उतरेल.”

“उतरते जी, पन सुईनं लवकर उतरते.”

“गरज नाही.”

“मंग राहू द्या. जातो साकोलीले.”

काकाजी खरंच साकोलीला जातात. तिथे कोणीतरी सुई लावतो आणि संध्याकाळी चौकात निकाल जाहीर होतो, की साकोलीवाल्याच्या हाताला गुण आहे. आता तापाची साधी गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कामाला लागते. काकाजी एकोडीहून निघताना घरची गोळी घेऊन निघाले असते, तर साकोलीच्या बाकड्यावर नंबर लागेपर्यंत ताप उतरायला लागला असता. पण मग सुईचं श्रेय गोळीला गेलं असतं, आणि ते काकाजींना चाललं नसतं.

वाटांचा हा मामला शास्त्रालाही महत्त्वाचा वाटतो, फक्त कारणं वेगळी आहेत. गिळलेली गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात उतरते आणि सगळ्या अंगात पोचण्याआधी तिला यकृतातून जावं लागतं. यकृत म्हणजे महामार्गावरचा टोलनाका. काही औषधं थोडंफार देऊन सुटतात, काहींची सगळी पुंजी तिथेच संपते. छातीत कळ आल्यावर डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली धरायची असते ती याच नाक्याला वळसा घालण्यासाठी: जिभेखालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून ती थेट रक्तात जाते. आमच्याकडे मात्र काही मंडळी ती जिभेखाली दोन मिनिटं ठेवतात आणि मग “नीट खाली उतरावी” म्हणून वर तांब्याभर पाणी पितात. वळसा घालून गेलेली गाडी माणूस पुन्हा टोलच्या रांगेत लावतो, ती अशी.

सुईच्याही चार वाटा आहेत. बीसीजी कातडीच्या आतल्या आत देतात. दंडावरचा तो वण आपल्याकडे जन्मदाखल्याइतका पक्का पुरावा असतो. इन्सुलिन कातडीखालच्या चरबीत देतात. धनुर्वाताची सुई स्नायूत. आणि चौथी वाट शिरेतली, जिच्यातून दिलेलं औषध शंभर टक्के रक्तात पोचतं. लोकांना एवढंच कळतं आणि आवडतं. पण याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग कोणी ऐकत नाही: शिरेतून गेलेलं परत बोलावता येत नाही. चुकीची गोळी निदान उलटीतून निघण्याची आशा असते. शिरेतलं औषध अंगावर आलं, तर धावपळ डॉक्टरची आणि नशीब आपलं. शिवाय सुई नवी नसेल, तर एका माणसाची कावीळ दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून जाते, ती फुकटातच.

इन्सुलिनच्या बाबतीत काकाजींचं सुईप्रेम शास्त्राला मान्य आहे. इन्सुलिन हे प्रथिन. ते गिळलं तर पोट त्याला औषध म्हणून ओळखत नाही. वरणातल्या प्रथिनांबरोबर पचवून मोकळं होतं. म्हणजे जिथे सुईशिवाय गत्यंतर नाही, अशी ही जागा. आणि नेमकं इथेच काकाजी म्हणतात, “रोज सुई? नाई जी. काही गोळी-बिळी नाई का?”

आता बॉटलकडे वळू. रोवणीचे दिवस संपत आले, बांधीत वाकून वाकून कंबर धरली, अंगातली ताकद गेली, की ‘एक बॉटल लावून घेणे’ हा इथला मान्य उपाय आहे. बाटली उलटी टांगलेली, नळीतून थेंब-थेंब, बाजूला बायको वारा घालतेय, दारातून शेजारी डोकावताहेत: एवढा थाट गोळीला कुठून येणार? त्या बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मात्र कोणी वाचत नाही, कारण ती उलटी टांगलेली असते. वाचलं तर असं: सोडियम क्लोराइड ०.९ टक्के, ५०० मिलिलीटर. म्हणजे अर्धा लिटर निर्जंतुक पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ. चमचाभरसुद्धा नाही. ग्लुकोजची बाटली असेल तर ५ टक्क्यांच्या हिशेबानं तिच्यात २५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे शंभर कॅलरी. एका केळ्यात जवळपास तेवढ्याच असतात. केळं सोलायला डॉक्टर लागत नाही, म्हणून त्यानं ताकद येत नाही.

त्यातही पांढऱ्या बाटलीपेक्षा पिवळी वरची. पांढऱ्या बाटलीत बी-कॉम्प्लेक्सची एक कुपी टोचली की ती पिवळी होते आणि तिचा भाव वाढतो. दुसऱ्या दिवशी लघवीही पिवळीधमक होते. “पाहा, सारी गर्मी निघाली,” असं माणूस समाधानानं सांगतो. गर्मी नव्हे, काल विकत घेतलेलं जीवनसत्त्व निघालेलं असतं.

तेच पाणी, तेच मीठ आणि तेच ग्लुकोज दाराशी उभ्या असलेल्या त्या ओआरएसच्या पुडीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्याच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. यातली गंमत अशी की आतड्यात ग्लुकोज मिठाचा हात धरून आत शिरतं आणि त्या दोघांमागे पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावात मीठ-साखरेचं हेच पाणी पिंपात कालवून लोकांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. एवढा पराक्रम करूनही पुडीला एकोडीत मान नाही, कारण ती घरच्या गंजात, घरच्याच माणसाच्या हातानं बनते. घरच्या माणसाच्या हाताला गुण कसा असेल?

बॉटलवर इतका राग धरल्यासारखं लिहिलं, तर तिची बाजूही मांडली पाहिजे. धानाच्या बांधीत नाग, मण्यार आणि घोणस हेही हक्कदार आहेत. साप चावला की विषावरची लस शिरेतूनच जावी लागते, बहुतेकदा सलाईनमध्ये मिसळून. तिथे बाटली हा थाट राहत नाही, जीव वाचवणारी वाट होते. या लशीचा डोसही तऱ्हेवाईक आहे. इतर औषधं लेकराच्या वजनानं कमी करून देतात. ही लस सहा वर्षांच्या पोराला आणि त्याच्या बापाला सारखीच. कारण सापानं चावताना पोराचं वजन पाहून विष कमी सोडलेलं नसतं, आणि लशीला माणसाशी नव्हे तर विषाशी हिशेब चुकता करायचा असतो. ही लस येते घोड्याच्या रक्तातून. घोड्याला विषाचा अगदी बारीक डोस टप्प्याटप्प्यानं देतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं काढून घेतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव महाराष्ट्रात या लशीशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. मांत्रिकाकडे नेऊन वेळ घालवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की मंत्र एका माणसाला पाठ असतो. घोड्यानं मात्र विष स्वतः पचवून दाखवलेलं असतं.

औषध येतं कुठून, हा पानठेल्यावरचा दुसरा आवडता विषय. त्यात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, जडीबुटीचं औषध चांगलं, ‘त्याले साइड इफेक्ट नसते’. दुसरा म्हणतो, कंपनीचं चांगलं, ‘ते गरम पडते पन काम करते’. दोन्ही पक्षांना कल्पना नाही, की ते पुष्कळदा एकाच झाडाखाली उभे राहून भांडताहेत.

कुंपणावरचा अडुळसा घ्या. त्याला बकरीही तोंड लावत नाही, म्हणून तर तो कुंपणावर असतो. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन बनवलं, आणि ते आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत आहे. जडीबुटीवाला पक्ष काढा पितो, कंपनीवाला पक्ष सिरप पितो, आणि खोकला दोघांनाही रात्रभर ऐकू येतो. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडच्या वैद्यांना पूर्वापार माहीत होतं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा त्याचा परिणाम १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, तेव्हा जगाला ते कळलं. पुढे त्या मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. त्यानं रक्तदाब उतरायचा, आणि मात्रा जास्त झाली की काही लोकांचं मनही उतरायचं. म्हणजे जडीबुटीलाही साइड इफेक्ट असतो. झाडानं त्याची पावती दिलेली नसते, एवढंच.

अंगणातली सदाफुली तर दोन्ही पक्षांना पुरून उरते. साखरेच्या आजारासाठी सकाळी अनशापोटी तिची पानं चावणारे लोक गावोगाव आहेत. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनीही १९५०च्या दशकात तिची पानं मधुमेहासाठीच तपासायला घेतली होती. साखरेवर काही म्हणावा असा गुण दिसला नाही. उलट प्रयोगातल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिनक्रिस्टिन ही कॅन्सरवरची औषधं निघाली. तेव्हा जे पान आपण ‘घरचंच आहे, काही होत नाही’ म्हणून चावतो, त्यातलं द्रव्य नागपूरच्या कॅन्सरच्या वॉर्डात मिलिग्रॅममध्ये मोजून, तेही जपून, शिरेतून देतात.

बुरशी आणि मातीतले जंतू हेही औषधाचे मोठे पुरवठादार. १९२८ साली फ्लेमिंगला बुरशीतून पेनिसिलिनचा माग लागला आणि १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. प्राणीही मागे नाहीत. इन्सुलिन पूर्वी डुकराच्या आणि गायीच्या स्वादुपिंडातून काढत; १९८२पासून जंतूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. कॅप्सूलचं कवच अजूनही बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातलं असतं. ही बातमी ज्या दिवशी माळकरी मंडळींना कळली, त्या दिवशी उतरंडीतली कॅप्सूलची जागा थोडी हलली. काहींनी कवच उघडून आतली पूड मधात चाटायला घेतली. पूड इतकी कडू निघाली, की शेवटी पांडुरंगाची माफी मागून त्यांनी पुन्हा कवच जवळ केलं.

औषधाचं रूप बदलणं हा तर आमचा घरगुती उद्योग. काही गोळ्यांवर जाड आवरण असतं, ते पोटातल्या आम्लाला फसवून गोळी आतड्यात नेण्यासाठी. काही गोळ्या दिवसभर हळूहळू सुटाव्यात अशा बांधलेल्या असतात. ‘गिळायला मोठी आहे’ म्हणून त्या खलबत्त्यात कुटून गुळात दिल्या, की बारा तासांचं औषध एका झटक्यात सुटतं. अँटिबायोटिकचं पातळ औषध न हलवता दिलं, तर वरचं पाणी थोरल्याला मिळतं आणि खालचा साका धाकट्याला. उरलेली अर्धी बाटली ‘पुढच्या तापासाठी’ देव्हाऱ्याच्या फळीवर जाते. तिच्यावर कालवल्यापासून किती दिवसांत संपवायची ते छापलेलं असतं, पण देवाच्या शेजारी ठेवलेली वस्तू खराब होते असं कोण म्हणेल?

आणि कात्री! मेडिकलच्या काउंटरवरची कात्री औषधशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात नाही, पण तिच्याइतकं औषधशास्त्र कोणीच बदललेलं नाही. दहाच्या पाकिटातून तीन गोळ्या कापून दिल्या, की नाव राहतं एका तुकड्यावर, मुदत संपायची तारीख दुसऱ्यावर आणि लाल रेघ तिसऱ्यावर. त्या लाल रेघेचा अर्थ आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आपल्या हाती जो तुकडा येतो, त्याच्यावर कंपनीचा अर्धा पत्ता असतो. मग घरी संवाद होतो: “कोनती गोळी होती?” “पांढरी.” “अजून काय?” “गोल.” जगातली निम्मी औषधं या वर्णनात बसतात. तापाची पांढरी गोल गोळी आणि सर्दीची पांढरी गोल गोळी दोन्ही घेतल्या, तर दोन्हींत पॅरासिटामोल असू शकतं. मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५००च्या आठ गोळ्या; त्यापुढे यकृताचं नुकसान होऊ शकतं. ‘एकीनं बरं वाटते त दोनीनं दुप्पट’ हा हिशेब पाढ्यात बरोबर आहे, पोटात नाही.

आता शेवटचा आणि आमच्याकडचा खरा मुद्दा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर हा पट्टा हत्तीरोगाचा जुना मुलूख. घाण पाण्यातला क्युलेक्स डास त्याचे जंत एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात नेतो. या जंतांची पिल्लं रक्तात रात्री बाहेर पडतात, म्हणून रक्ताचे नमुनेही रात्रीच घ्यावे लागतात. भर झोपेत दार वाजवून ‘बोट पुढे करा’ म्हणणाऱ्या सरकारी माणसाचं स्वागत कसं होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

उपाय साधा आहे. सामुदायिक औषधोपचार मोहिमेत घरोघर गोळ्या येतात. डीईसीची मात्रा वयावर: २ ते ५ वर्षांना एक, ६ ते १४ वर्षांना दोन, १५च्या पुढे तीन, सोबत अल्बेंडाझोल. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं सोडून सगळ्यांना. काही जिल्ह्यांत तिसरं औषध आयव्हरमेक्टिनही देतात, आणि त्याचा डोस उंची मोजून ठरतो. हे औषध ज्या जंतूपासून निघालं, तो जपानमध्ये एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीत सापडला. त्या कामासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेलचा मान मिळाला. नोबेल मिळालेलं औषध आशाताईच्या पिशवीतून, फुकटात, आपल्या ओसरीवर येतं. आणि मग हे होतं:

“काकाजी, जेवन झालं का?”

“नाई अजून.” ज्या दिवशी आशाताई येते, त्या दिवशी अख्ख्या मोहल्ल्याचं जेवण बाकी असतं.

“मंग जेवा. मी थांबतो.”

“ठेवून जा ना, बाई. रातच्याले घेतो.”

“नाई जी, माझ्यासमोरच घ्या लागते.”

“पन मी बिमार नाई, त काहून घेऊ?”

“बिमार होऊ नये म्हनून.”

“सुई असती त घेतली असती,” काकाजी म्हणतात आणि गोळ्या कोनाड्यात ठेवतात. कोनाड्यात मागच्या वर्षीच्याही असतात.

काहींनी घेतल्याच, तर कुणाला ताप येतो, कुणाचं डोकं दुखतं, आणि ‘सरकारी औषध वाईट’ असा ठराव होतो. खरं तर ज्याच्या रक्तात जंत असतात, त्यालाच बहुधा हा त्रास होतो, कारण ते मरत असतात. गोळी काम करतेय याचा तो पुरावा. पण आमच्या पानठेल्याचा कायदा वेगळा आहे: सुईनं दुखलं तर औषध जोरदार, गोळीनं दुखलं तर औषध खराब.

तेव्हा एकोडीच्या, साकोलीच्या आणि भंडाऱ्याच्या समस्त काकाजींना विनंती एवढीच. मेडिकलवाल्याला कापलेल्या पाकिटावर नाव लिहून मागा. डॉक्टरला सुई मागण्याआधी औषधाचं नाव, मात्रा आणि जेवणाआधी की जेवणानंतर, हे तीन प्रश्न विचारा. आशाताई आली की पोटभर जेवा आणि तिच्यासमोर गोळ्या गिळा. कारण पाय एकदा हत्तीसारखा सुजला, की तो पहिल्यासारखा करणारी गोळी नाही, सुई नाही आणि बॉटल तर नाहीच. मग ती पांढरी असो की पिवळी.